मंगळवार : काही नाही

उठल्याबरोबर, अंथरुणातच,
दोन बोटं मनगटावर ठेवायची आणि मिनिटभर मोजायचं.
सोमवारी बावन्न. गुरुवारी सत्तावन्न.
पुढच्या सोमवारी एकसष्ट,
आणि मी वहीत लिहिलं : बावन्न.

वराझ्दात सरांची वही ती. निळ्या पुठ्ठ्याची,
खडूच्या बोटांनी पांढुरकी झालेली.
तिच्यात मी याआधी खोटं लिहिलं नव्हतं.

ग्युमरीत जानेवारीत खिडकीच्या आतल्या बाजूनेही बर्फ धरतो.
तरी मी पहाटे तीनला घामाने भिजून उठायची.
मांड्यांत ओली वाळू भरल्यासारखी.
झोप यायची ती मिनीबसमध्ये, उभ्या उभ्या.
भावाने चमचा जरा मोठ्याने ठेवला
म्हणून त्याच्या अंगावर धावून गेले.
आई शेगडीपाशी पुटपुटली, कुठेतरी पाणी मुरतंय.
दोन महिने पाळी आली नाही, हे तिला सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात फुलासारखे गेलेले ब्याऐंशी किलो
आता डोक्यावर पोचता पोचता पाठीमागे पडायचे.
म्हणून मी आणखी उचलत होते.
दुसरं काय करतात?
कमी पडलं की वरून घालायचं, एवढंच शिकले होते,
मिठापासून मेहनतीपर्यंत.

मंगळवार सुट्टीचा. व्यायामशाळेला कुलूप.
मागच्या खिडकीची कडी सैल आहे, मला माहीत होतं.
आत अंधार. लोखंड इतकं गार की तळवा चिकटला.
पाचव्या खेपेला बार पडला
आणि दिवा लागला.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.
कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला,
मनगट धरलं, घड्याळाकडे बघत राहिले. बराच वेळ.
मग वही उघडून
माझ्या त्या बावन्नवर बोट ठेवलं.

भूकंपानंतर सात वर्षं ते गवंडी होते.
म्हणाले, लोक लोखंडी डब्यांत राहत होते,
कोण कुणाला थांब म्हणणार?
थंडीत सिमेंट धरायला वेळ घेतं.
मी खालचा थर ओला असतानाच वरचा चढवत गेलो.
तीन दिवसांत भिंत. ओळंबा लावून बघितलेली, सुतासारखी सरळ.
मग?
मग काय. एप्रिलमध्ये एक म्हातारा तिला टेकून चहा पीत होता.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

दगड बसवतो तेव्हा भिंत होत नाही, त्सोविनार.
भिंत रात्री होते, आपण घरी गेल्यावर.

पेन माझ्या हातात दिलं.
लिही : मंगळवार, काही नाही. पुढे खूण कर, पूर्ण.
असे दहा दिवस. खोटं लिहायचं नाही.

बुधवार, काही नाही : आईबरोबर मसूर निवडले.
हात रिकामे राहिले की आपोआप मुठी व्हायच्या.
गुरुवारी दुपारी दोनला झोपले,
चोरासारखी, पडदा ओढून.
शुक्रवारी भावाशी नार्दी खेळले, तीनदा हरले,
आणि जिने मोजत चढले. मग आठवलं, मोजायचं नाहीये.
शनिवारी रडले. कशासाठी, ते अजून सापडलेलं नाही.
आईला सगळं सांगितलं त्याच रात्री.
ती काही बोलली नाही, फक्त दिवा घालवून गेली.
सोमवारी भूक लागली.
तिसऱ्यांदा सूप घेत होते तेव्हा भावाने
चमचा मुद्दाम टेबलावर आपटला,
माझ्याकडे बघत, एक पाय दाराबाहेर ठेवून.

अकराव्या सकाळी चौपन्न. खरे चौपन्न.
सरांनी नुसता बार दिला. पंधरा किलो, वजनं न लावता.
एवढंच? असं मी म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर असणार.
वर नेला. खांदे, कोपरं, गुडघे,
सगळे आपापल्या जागी आले, बोलावलं नसताना.
तसाच धरून उभी राहिले,
सर म्हणाले, ठेव आता, तोपर्यंत.

ब्याऐंशीचं मार्चमध्ये बघू म्हणालेत.
खिडकीची कडी त्यांनी अजून बदललेली नाही.
मुद्दामच असेल.
मंगळवारी मी त्या गल्लीतून पाव आणायला जाते,
पलीकडच्या बाजूने.